मधलं वर्ष

"ही मधेच काय घाण करून ठेवलीयस?" दरेकर सरांनी गुणपत्रिकेवर बोट टेकवून विचारलं. बोट नुकतंच चहाच्या कपात बुडून आलेलं होतं. ख्रिस्तोफरच्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षावर तांबूस ओला ठसा उमटला आणि कागदात पसरत गेला. त्याला तो ठसा रुमालानं टिपून घ्यावासा वाटला, पण समोरच्या माणसाच्या टेबलावर हात घालणं बरं दिसलं नसतं. दहावीला शाळेत पहिला, बारावीला बरा, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी फर्स्ट क्लास. दुसऱ्या वर्षी रसायन आणि भौतिक दोन्हीत नापास, ऑक्टोबरात काठावर पास. तिसऱ्या वर्षी कसाबसा पास क्लास. आणि मग एकदम एम.एस्सी.ला अख्ख्या विद्यापीठात दुसरा. "कमिटी एम.एस्सी. बघून खूश होणार आणि पान उलटलं की तोंड वाकडं करणार," सर म्हणाले. फायलीतली टाचणी काढून ते दात कोरू लागले. "नियमात काय लिहिलंय? सातत्यानं चांगली कारकीर्द. तुझी कारकीर्द म्हणजे आपला न्हावऱ्याचा रस्ता, मधेच खड्डा." सर मूळचे कवठे येमाईचे, आणि शिरूर तालुक्यातला म्हणून ख्रिस्तोफरवर त्यांचा जीव होता, हे ते त्याला प्रत्येक भेटीत सांगत. "वडील काय करतात?" "रेल्वेत होते, दौंडला. पॉइंट्समन. वारले." "कधी?" सरांचे डोळे चमकले. "एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी." चमक गेली. सर खरंच हळहळले. "अरेरे. तीनेक वर्षं आधी—" वाक्य त्यांनी गिळलं, टाचणीच्या टोकाला काय आलं ते पाहिलं आणि हसले. "पण आजारी तर आधीपासून असतीलच की. आजार काय एका दिवसात येतो का? बघ, तूच नीट आठवून बघ."

त्यानं मान डोलावली. कशासाठी डोलावली, हे शिवाजीनगरहून एस.टी. सुटली, वाघोली मागे पडली तरी त्याला कळेना. शेजारी कुणीतरी पेरू सोलल्यासारखा दातांनी कुरतडत होतं, पुढच्या बाकावरच्या पोरानं ओकून खिडकीची काच माखवली होती, आणि या सगळ्यापेक्षा आपल्याच मानेची त्याला जास्त किळस येत होती. दरेकर सरांकडे या वर्षी पीएच.डी.ची एकच जागा होती. ती हुकली तर सर दोन वर्षांनी निवृत्त होणार, आणि शेवाळावर काम करणारा दुसरा माणूस विद्यापीठात नव्हता. दौंडच्या कॉलेजात तो सहा वर्षं तासावर शिकवत होता. शिरूरहून सकाळची एस.टी. पकडायची, चार तास घ्यायचे, स्टाफरूममध्ये कायम नोकरीवाल्यांच्या खुर्च्या सोडून कडेच्या बाकावर डबा खायचा, परत यायचं. त्याचंही फारसं काही नव्हतं. पण भीमेच्या पाण्याला मळीचा वास यायला लागला की काठच्या दगडांवरचं शेवाळ बदलतं, हिरवं जाऊन काळपट निळं येतं, बुळबुळीत, आणि त्यातही काही धागे तग धरतात. ते कोणते, का, कसे, हे आपल्याला बघायचंय, बाकी काही नको, असं त्याला मनापासून वाटे. लोक नाक दाबून पूल ओलांडायचे तेव्हा हा बाटली घेऊन खाली उतरायचा. जगात किळस न येता तो ज्याच्याकडे पाहू शकत होता अशी ही एकच गोष्ट होती, आणि तिच्या दारात आता त्याचं ते मधलं वर्ष आडवं पडलं होतं.

नीट आठवून बघ, सर म्हणाले होते. त्याला नीटच आठवत होतं, हीच तर पंचाईत. त्या वर्षी काहीच झालं नव्हतं. बाबा धडधाकट होते, यार्डातून ड्यूटी करून यायचे, मागच्या अंगणात तांब्या तांब्यानं अंघोळ करताना मोठ्यानं उपासनेतली गाणी म्हणायचे. मनिऑर्डर वेळेवर यायची. पुण्याच्या होस्टेलात तो कुणाच्या प्रेमात पडला नाही, पत्ते खेळला नाही, सिनेमेसुद्धा इतरांपेक्षा कमीच पाहिले. एका दुपारी तासाला जायला निघाला, कॉलेजच्या फाटकापर्यंत गेला आणि परत फिरून खाटेवर आडवा झाला. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंतही गेला नाही. पंखा फिरायचा, खालच्या मेसमधून तेलाचा तवंग चढलेल्या आमटीचा वास वर यायचा, उशीचा अभ्रा तेलकट होत होत पिवळा पडला, तो त्यानं धुतला नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं कुणीतरी आधी चघळून ठेवल्यासारखी वाटायची. आजार म्हणावा तर भूक व्यवस्थित लागत होती. असे किती महिने गेले कुणास ठाऊक. निकाल लागला तेव्हा त्यानं आईला खरं सांगितलं आणि बाबांना सांगितलं, सेकंड क्लास. बाबांनी, म्हणजे प्रभुदासनं, त्याच संध्याकाळी पेढे आणून यार्डात वाटले. ऑक्टोबरच्या परीक्षेला तो बाबांना प्रॅक्टिकल आहे असं सांगून पुण्याला गेला. आईनं डबा करून दिला. दुःख झालं म्हणून माणूस पडला तर त्याला लोक हात देतात. हा खाटेवर लोळून लोळून पडला होता, आणि ते कुठल्याही रकान्यात बसण्यासारखं नव्हतं.

आईनं मात्र ते केव्हाच बसवलं होतं. बाबा गेल्यावर दौंडचं रेल्वेचं क्वार्टर सुटलं आणि मार्था लेकाला घेऊन माहेरी, शिरूरला मिशनच्या आवारात आली. इथल्या मिशनच्या दवाखान्यात तिनं पुढची काही वर्षं नर्सचं काम केलं. रविवारी देवळात दुसरं गीत झालं की पाळक विचारायचे, आज कोणाला साक्ष द्यायची आहे? मग एकेकजण उभं राहायचं. बसून साक्ष द्यायची नाही, अगदी गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांनीही समोरच्या बाकाला धरून उभंच राहायचं, ही तिथली रीत. साक्षीचा साचा लहान पोरांनाही पाठ होता: आधी बरं चाललं होतं, मग काळोख आला, मग प्रभूनं वर काढलं, आमेन. कुशाबाईची हरवलेली शेळी प्रार्थनेनंतर सापडली होती. ती शेळी पहिल्या वर्षी तांबडी होती, पुढे काळी झाली, आणि अलीकडे तर गाभण होऊन परत येऊ लागली होती. कुणी हसत नसे. कुशाबाईच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं. मार्थाची साक्ष पोराची. "माझे मालक अंथरुणाला खिळले, त्या घोरानं माझं लेकरू परीक्षेत पडलं. मी रात्रंदिवस गुडघ्यावर होते. आन् प्रभूनं त्याला असा वर काढला, असा वर काढला, की अख्ख्या विद्यापीठात दुसरा आला!" दोन्ही हात ती वर न्यायची, जणू विहिरीतून बादली ओढतेय. माना वळायच्या आणि ख्रिस्तोफर बाकाखालच्या फरशीकडे बघत राहायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं होतं, दुःखात आईचा गोंधळ झाला असेल. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कळलं की गोंधळबिंधळ काही नाही. तेव्हापासून तिच्या शेजारी बसताना तो मधे गीतांचं पुस्तक ठेवायचा. तो तिच्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता, आणि हे न बोलणं म्हणजे आपला सच्चेपणा, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

कारण घडलं होतं ते बरोबर उलटं. बाबा आजारी पडले तेव्हाच तो अभ्यासाला लागला. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. पाय सुजले, मग तोंड सुजलं, अंगाला लघवीसारखा एक आंबूस वास येऊ लागला. ख्रिस्तोफर होस्टेल सोडून घरी आला, पुण्याला शटलनं जाऊन-येऊन एम.एस्सी. करू लागला. एकदा त्यानं विभागातला जुना पितळी मायक्रोस्कोप मागून आणला, क्वार्टरमागच्या डबक्यातला थेंब काचेवर घेतला आणि सहज म्हणून खाटेजवळ स्टूल ओढून बाबांना दाखवला. प्रभुदासनं एक डोळा मिटला. बराच वेळ आत बघत राहिला. मग म्हणाला, "आयला किस्तू, मालगाडी लागलीय की रं! डब्याला डबा, डब्याला डबा. ह्याचं इंजिन कुठं हाय?" हिरवा धागा, आणि त्यात एकापुढे एक लागलेल्या पेशी. त्या दिवसापासून तो घरी आला की बाबा विचारायचे, "आज कंची गाडी आनली?" ख्रिस्तोफर डबक्यातून, कालव्यातून, नदीतून रोज नवी गाडी आणायचा. बाबांना सांगता यावं म्हणून वाचायचा. नाव काय, खाते काय, वाढते कशी, तुटली तर पुढे काय होतं. बाबांना लॅटिन नावं आवडायची. ते ती यार्डातल्या आरोळीसारखी मोठ्यानं म्हणायचे आणि दमायचे. ते वर्ष, बाप डोळ्यांदेखत नासत चाललेला असताना, ख्रिस्तोफरच्या आयुष्यातलं सगळ्यांत सुखाचं वर्ष होतं. हे कुणाला सांगायचं? दुसरा नंबर प्रभूनं दिला नव्हता, प्रभुदासनं दिला होता. आता त्याच माणसाचं नाव काढून नापासाच्या कारणात लिहायचं म्हणजे ज्यानं वाढलं त्याच्याच ताटात थुंकायचं. आणि त्या बापाला पोरगा कधी नापास झाला होता हे ठाऊकच नव्हतं. त्या संध्याकाळी स्वच्छ राहिल्या त्या त्याचमुळे, असं ख्रिस्तोफरला वाटायचं. निदान तेवढ्या तरी.

मुलाखतीच्या दिवशी तो ठरवून गेला: विचारलं तर सांगायचं, अभ्यास केला नाही. एवढंच. पाठ करण्यासारखं काही नव्हतं तरी एस.टी.त त्यानं ते पाठ केलं. आत पाचजण बसले होते. दरेकर सर टोकाला, मधे अध्यक्ष, त्यांच्या बाजूला पांढऱ्या केसांच्या एक बाई. सामोशांच्या बशा नुकत्याच हलवल्या होत्या. टेबलाच्या काचेवर तेलाची वर्तुळं राहिली होती आणि त्यातल्या एका वर्तुळावर त्याची फाइल होती. शेवाळाबद्दल विचारलं, ते त्यानं चांगलं सांगितलं, बाई पुढे वाकून ऐकत होत्या. मग अध्यक्षांनी पान उलटलं. "आणि हे? मिस्टर ख्रिस्तोफर, या वर्षी काय झालं होतं?" दरेकर सर छताकडे पाहू लागले. ख्रिस्तोफरला आपली खुर्ची मागे सरकल्याचा आवाज ऐकू आला. तो उभा राहिला होता. कुणी उठायला सांगितलं नव्हतं, मुलाखतीत असं कुणी उठत नाही, पण काय झालं होतं असं विचारलं की उभं राहायचं हे त्याच्या पायांना लहानपणापासून माहीत होतं. आणि उभं राहिल्यावर काय म्हणायचं ते तोंडाला माहीत होतं. "सर, सगळं बरं चाललं होतं," तो म्हणाला. "मग माझे वडील अंथरुणाला खिळले." आवाज आईचा होता. चढ तिचा, उतार तिचा, श्वास घ्यायच्या जागासुद्धा तिच्याच. त्यानं पाय सुजवले, तोंड सुजवलं, तो आंबूस वास त्या खोलीत आणला. तीन वर्षांपुढचं एकेक दुखणं उचलून मागे नेऊन ठेवलं. थांबायला जागा होती, अध्यक्षांनी हातसुद्धा वर केला होता, पुरे म्हणून. पण साक्ष अर्धी सोडत नाहीत. "एक दिवस मी त्यांना मायक्रोस्कोपमधून शेवाळ दाखवलं, सर. ते रेल्वेत होते. ते म्हणाले, मालगाडी लागलीय की! त्या दिवसापासून मी वर आलो." हेही त्यानं दिलं. कुणी मागितलं नव्हतं. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "हाउ ब्यूटिफुल." अध्यक्ष मृदू आवाजात म्हणाले, "बसा, बसा." तो बसला. तोंडात त्याला शिळ्या तेलाची चव आली, आणि त्यानं तर सामोसा खाल्लाही नव्हता.

"दणकाच दिलास लेका!" बाहेर आल्यावर दरेकर सरांनी त्याच्या पाठीत थाप मारली. "ते मालगाडीचं तर मलाही सांगितलं नव्हतंस. घेतलंच म्हणून समज. मी म्हणलं नव्हतं, बाप कामाला येतो म्हणून?" ते त्याला चहाला घेऊन गेले आणि स्वतःच्या प्रबंधाच्या वेळी आपण कुणाकुणाला कसं गुंडाळलं ते सांगत बसले. ख्रिस्तोफर हसण्याच्या जागी हसला. परतीच्या एस.टी.त त्याला रागवायला माणसं हवी होती, ती त्यानं एकेक समोर घेतली. दरेकर आपल्या टाचणीसकट. सामोसे खाऊन दुसऱ्याच्या मरणावर चष्मे पुसणारी ती माणसं. पण शिक्रापूर गेलं, कारेगावच्या कारखान्यांचे दिवे दिसू लागले, तोवर सगळे गळून एकटी आई उरली. तिनंच हा साचा करून ठेवला. दर वर्षी देवळात उभी राहून तिनं मेलेल्या माणसाचं वर्ष इकडचं तिकडे सरकवलं, आणि लोकांनी आमेन म्हणून त्यावर माती लोटली. आज सांगायचंच तिला. आज सोडायचं नाही.

मार्था दिवेलागणीला ओट्याशी उभी होती. तिनं शेवयांची खीर केली होती. निकाल कळायच्या आधी खीर करायची, म्हणजे तोही प्रभूवर विश्वासच झाला. "काय झालं रं?" "होईल म्हणतात," तो म्हणाला. तिनं डोळे मिटून घेतले, ओठ हलवले. मग ताट मांडता मांडता विचारलं, "त्या वर्साचं इचारलं असंल." "विचारलं." "मग? सांगितलंस?" "हो." "उभं ऱ्हाऊन सांगितलंस ना?" बोलायचं ठरवलं होतं ते सगळं एकदम बाहेर पडलं. आई, बाबा त्या वर्षी ठणठणीत होते. तुला माहीत आहे. सगळ्या देवळाला वर्षानुवर्षं खोटं सांगतेस आणि वर देवाचं नाव घेतेस, लाज वाटत नाही तुला? मला आज त्यांना विकावं लागलं, तुझ्यामुळं. बाबा हयात असते तर तुझ्या तोंडाकडे पाहिलं नसतं त्यांनी.

मार्थानं खिरीचं भांडं खाली ठेवलं, हात पदराला पुसले. "मी कशाला बनवीन रं मनानं?" ती म्हणाली. "तुझ्या बाबांनीच सांगितलं हुतं."

"काय सांगितलं होतं?"

"यार्डातल्या साळव्यांचा पोरगा तुझ्याच कॉलेजात न्हवता का? यार्डात पेढे वाटले, त्याच दिवशी साळवे त्यांना म्हनले, प्रभुदास, पोरगं नापास हाय आन् पेढे कसले वाटतूस? घरी आले, मला म्हनले, किस्तूला बोलू नको, त्याला वाटू दे मला ठावं न्हाई. उरलेले पेढे मागं बसून एकट्यानं खाल्ले." "आन् जायच्या आधी, तू शटलनं गेलेला, तवा मला जवळ बोलावलं. म्हनले, मार्था, पोरगं हुशार हाय पन मधेच येड्यावानी बसलं हुतं, का बसलं ते त्याचं त्याला बी ठावं न्हाई. पुढं कुनी इचारलं तर काय सांगंल ते? तू माझं नाव पुढं कर. म्हनावं बाप आजारी हुता. मी आता चाललोच हाय, मला कोन येतंय इचारायला? म्हनून मी देवळात सांगत आले. तुझ्या कानावरनं गेलं म्हंजी तुला येळेला सुचंल."

ख्रिस्तोफर ताटासमोर बसला. म्हणजे तो स्टुलावर काच ठेवायचा तेव्हा, एक डोळा मिटून बाबा आत बघायचे तेव्हा, आज कंची गाडी आनली असं विचारायचे तेव्हा, रोज, त्यांना माहीत होतं. खाटेवर लोळून घालवलेलं ते वर्ष, तो पिवळा अभ्रा, तो सेकंड क्लास, सगळं माहीत असूनच त्यांनी त्या नावांच्या आरोळ्या दिल्या होत्या. दिवसभर जी किळस तो याच्यावर त्याच्यावर ठेवत आला होता, ती आता ठेवायला कुणी उरलं नाही. टाचणीवाला नाही, आई नाही. ती त्याच्या मांडीवर येऊन बसली, चांगली ओळखीची.

"जेव आता," मार्था म्हणाली. समोर बसून तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. अन्नाबद्दल आभार मानले, मुलाखतीबद्दल मानले, दरेकर सरांना नावानिशी आशीर्वाद मागितला, प्रभुदासच्या आत्म्याची आठवण केली. मग ती थांबली. शेवटचं आमेन या घरात नेहमी ख्रिस्तोफर म्हणायचा, प्रभुदास असताना प्रभुदास म्हणायचा. ख्रिस्तोफरनं तोंड उघडलं. खिरीवर साय धरू लागली, आणि समोर आई डोळे मिटून, हात जोडून, तशीच वाट बघत बसून राहिली.